सीट जाईल म्हणतात तेव्हा

माझी धाकटी बहीण दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला दिलेली. मी शिरूरला. मधे न्हावरा-चौफुला रस्ता, त्यामुळे दाखल्याचं काही निघालं की दाजी गाडी काढून इकडे येतात. भाचीच्या बी. फार्मसीच्या वेळी मात्र आले नाहीत. पोरीने सीईटी दिलेली, कॅपचा म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा अर्ज भरलेला, यादी लागायला अवकाश होता. तेवढ्यात एका कॉलेजातून फोन आला: जागा थोड्याच राहिल्यात, आज पैसे भरा, स्कॉलरशिपचं आम्ही बघून घेऊ. ''दादा, सीट जाईल म्हणत होते,'' बहीण मला नंतर म्हणाली. उसाच्या बिलातले पैसे गेले, शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही तिथेच जमा झाला.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायला बसलो तेव्हा कॅपच्या प्रवेशाची माहिती मागितली. ती कुठून देणार? पावतीवर प्रवेशाच्या प्रकारापुढे 'संस्थास्तर' छापलेलं. शिष्यवृत्ती या प्रकाराला नाही, आणि प्रवेशाचा प्रकार चारही वर्षं मागे येतो. प्रवेश रद्द करायची मुदतही तोवर उलटलेली. मुदतीच्या आत रद्द केला असता तर हजार रुपये कापून बाकीची फी परत मिळाली असती.

गेलं ते थोडं नव्हतं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट दोनच ठिकाणी अडते: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यात आणि संस्थास्तरावर माफी नाही. गुण कितीही असोत. आणि कॅपमधून गेलात तरी होस्टेल, मेस, बस हे खिशातूनच असतं, त्यामुळे 'सगळं फुकट' असं शेजारी सांगतो त्यावर जाऊ नका. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या पोरांना होस्टेलखर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्जही महाडीबीटीवरच भरायचा.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगतो: कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत मूळ दाखला कुणाच्या टेबलावर ठेवायचा नाही. पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथे खरोखर जायचंय. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही.

कागदांचं काम बारावीच्या निकालाआधीचं. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर तहसीलमधून निघतो, आणि जून-जुलैत सेतूत उभं राहायला जागा नसते. जातपडताळणीला तर वर्षभर आधी हात घाला. तिथे नुसता जातीचा दाखला चालत नाही, जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. तो बहुतेक वेळा आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेत सापडतो. आमच्या गावात गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं तेव्हा कडा वाळवीने खाल्लेल्या, पण जातीचा रकाना शाबूत होता. त्याचा उतारा घ्या, शिक्का आणि सही मुख्याध्यापकांचीच आहे ना ते बघून घ्या. आजोबांचं आडनाव रजिस्टरात एक आणि आधारवर दुसरं असेल, तर ती भानगड आधी मिटवा.

शिष्यवृत्तीचे पैसे कुठे जमा होतात, यावरूनही बराच गोंधळ होतो. खात्याला आधार 'लिंक' आहे एवढ्यावर भागत नाही. थेट लाभ जातो तो आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. शेजारच्या पोराचे पैसे दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा ऑफरसाठी उघडलेल्या खात्यात जाऊन बसले होते, आणि घरचे सोसायटीच्या बँकेत पासबुक भरून भरून थकले. बँकेत जाऊन कुठल्या खात्याला डीबीटी चालू आहे ते विचारा, आणि मोबाईल नंबर पोराचाच ठेवा.

भाचीचा धाकटा भाऊ यंदा दहावीला. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांकडे बघून त्याला डिप्लोमाच करायचाय, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे त्याने स्वतःच शोधून काढलंय. दाजींनी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आत्ताच टाकलाय.