माया हवी, पांघरूण नको



गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दारूच्या व्यसनावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या मंडळातल्या काही घरांत हे विघ्न आहे आणि त्यांतले एक घर माझे आहे. मुलाची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

पुण्याला एम.बी.बी.एस. करून मी अमेरिकेत आले. व्यसन हा आजार आहे, हे रुग्णांच्या नातेवाइकांना शंभरदा समजावले. पण माझा सव्वीस वर्षांचा मुलगा पिऊन पडला, तेव्हा त्याच्या ऑफिसात फोन करून ‘त्याला ताप आहे’ असे मीच सांगितले. त्याचे घरभाडे भरले, क्रेडिट कार्डाची बिले भरली. सासूबाईंना सांगितले, ‘कामात असतो हो.’ याला मी माया समजत होते. खरे तर त्याच्या पिण्याची किंमत मी चुकती करत होते, त्यामुळे ती त्याला कळतच नव्हती.

दारुड्यांच्या नातेवाइकांसाठी १९५१ साली इथे अल-अॅनॉन ही संघटना सुरू झाली. तिच्या सभेत मी ‘डिटॅचमेंट’ हा शब्द ऐकला आणि रागच आला. पोटच्या पोरापासून अलिप्त कसे व्हायचे? पुढे गीतेतला कर्मयोग आठवला. कर्तव्य सोडायचे नाही, फळावरचा हक्क सोडायचा. मुलाने दारू सोडावी यासाठी झटणे माझ्या हाती होते. त्याने ती सोडणे माझ्या हाती नव्हते.

नुसते दूर होणेही पुरत नाही. रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ पद्धतीत घरच्यांना वागण्याचे शिक्षण देतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या घरच्यांनी हे शिक्षण घेतले त्यांतले ६४ टक्के व्यसनी उपचारांना तयार झाले. ज्यांच्या घरच्यांना अल-अॅनॉनच्या वाटेने नेले त्यांतले १३ टक्के. अर्थात अल-अॅनॉनचा हेतू घरच्यांना मनःशांती मिळावी हा आहे, आणि ती मला तिथे मिळाली. दोन्हींतून मी शिकले ते असे :

१. रोख पैसे द्यायचे नाहीत. जेवण आणि उपचारांचा खर्च द्यायचा.
२. त्याच्यासाठी कोणाशी खोटे बोलायचे नाही.
३. प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. शुद्धीत असेल तेव्हा थोडक्यात बोलायचे आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर आनंदाने जेवायचे.
४. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर सहसा आपल्याला काही सांगणार नाहीत. पण आपण डॉक्टरांना माहिती देऊ शकतो.
५. जिवाला धोका असेल तिथे अलिप्तता नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. अशा वेळी ९११. आत्महत्येची भाषा केली तर ९८८. अफूजन्य गोळ्यांचे व्यसन असेल तर नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवावा. २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो.

हे लिहिणे सोपे आहे. एका रात्री दोन वाजता त्याचा भाड्यासाठी फोन आला. मी म्हटले, ‘पैसे नाही देणार, बाळा. उपचारांना येतोस तर आत्ता गाडी काढते.’ त्याने फोन आपटला. यजमान म्हणाले, ‘द्यायला हवे होते.’ सकाळपर्यंत आम्ही दोघे देवघरापुढे बसून होतो, एकमेकांशी न बोलता. त्याचे घर गेले. चार महिने तो मित्राकडे सोफ्यावर झोपला. मी दर रविवारी फोन करत होते. कधी उचलायचा, कधी नाही. मग एका रविवारी त्यानेच विचारले, ‘आई, गाडी काढतेस?’

त्यानंतर एकदा घसरला, पुन्हा उपचार घेतले. आज त्याला दारू सोडून चौदा महिने झाले. पुढचे मला माहीत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी हाच शेवट होईल, असेही मी सांगू शकत नाही. पण आता फोन वाजला की मी खोटे काय बोलायचे याचा विचार करत नाही.

ज्यांच्या घरी असे काही चालू आहे, त्यांनी महाप्रसादाच्या वेळी मला खुशाल बाजूला बोलवावे. मी तिथे वाढायला असेन.