मध्यावरचा काटा आणि शून्यावरचा काटा

प्रश्न : माझ्याकडे २००१ ची फोर्ड एफ-१५० लायटनिंग आहे, सुपरचार्जरवाली. ऑइल प्रेशरचा काटा आजवर कायम बरोबर मध्यावर असायचा. गेल्या आठवड्यात सिग्नलला थांबलो असताना तो एकदम शून्यावर पडला आणि गाडी निघताच पुन्हा मध्यावर आला. त्याच सुमारास मी एक वेगळं बूस्ट गेज बसवून घेतलं. इंजिन आयडलवर असताना त्यात उणे १९ दिसतं, आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी काटा शून्याच्या पुढे सरकत नाही. गाडी मात्र पूर्वीसारखीच ओढते. मेकॅनिक म्हणतो, सुपरचार्जर इंजिनाचं ऑइल खातोय, म्हणून दोन्ही प्रेशर गेली. हे खरं का?
– एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : नाही. हा म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे. पण मेकॅनिकचा गोंधळ कुठे झाला ते कळण्यासारखं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

(लायटनिंग हे नाव नवं असलेल्यांसाठी : ही मागे उघडा हौदा असलेली पिकअप. ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आणि त्याच्या डोक्यावर ईटन कंपनीचा एम-११२ सुपरचार्जर. १९९९ ते २००४ या काळातली. आता टवटवीत म्हातारी म्हणावी अशी.)

इंजिनात जास्त हवा कोंबायचे दोन मार्ग आहेत. आपल्या हायवेवरच्या डिझेल ट्रकमध्ये असतो तो टर्बो. तो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि त्याच्या बेअरिंगला इंजिनाचंच ऑइल लागतं. टर्बो झिजला की इंजिनाचं ऑइल जातं, हे मेकॅनिक लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमचा सुपरचार्जर मात्र इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून बेल्टने फिरतो, आणि त्याच्या गिअरचं ऑइल त्याच्याच पुढच्या डबीत बंद असतं. इंजिनाच्या ऑइल पंपाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी एकाच आठवड्यात आल्या असल्या तरी त्यांचं मूळ एक नाही.

आता बूस्टचा काटा. आधी त्या उणे १९ चा अर्थ लावू. तो १९ पीएसआय असूच शकत नाही, कारण समुद्रसपाटीला हवेचा एकूण दाबच सुमारे १४.७ पीएसआय आहे. त्यातून १९ वजा होणार कसे? अशा गेजवर शून्याच्या डावीकडे पाऱ्याचे इंच असतात आणि उजवीकडे पीएसआय. दोन इंच पारा म्हणजे ढोबळमानाने एक पीएसआय. आयडलवर १७ ते २१ इंच व्हॅक्यूम हे तर निरोगी इंजिनाचं लक्षण.

सुपरचार्जर सतत फिरत असूनही आयडलला बूस्ट का नाही, हा पुढचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. पाय हलका असतो तेव्हा एक बायपास झडप उघडी असते आणि ढकललेली हवा वळसा घालून परत तोंडाशी येते. अॅक्सिलरेटर दाबला की झडप मिटते आणि हवा मॅनिफोल्डमध्ये दाटते. मूळच्या पुलीवर लायटनिंगमध्ये हा दाब साधारण ८ पीएसआयपर्यंत जातो.

तुमचा काटा शून्यावरच का अडतो? या गाडीत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी आहे. गेजची बारीक नळी थ्रॉटल आणि सुपरचार्जर यांच्या मधल्या भागात जोडली, तर तिला आत शिरणारी हवाच कळते, दाबलेली हवा कधी भेटतच नाही. आयडलला तिथे व्हॅक्यूम असतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की बाहेरचा दाब आत येतो आणि काटा शून्यावर थांबतो. तुमचं वर्णन याला अगदी तंतोतंत जुळतं, त्यातून गाडी पूर्वीसारखी ओढते आहे. नळी सुपरचार्जरच्या खालच्या मॅनिफोल्डवर न्या, काटा उजवीकडे जाईल.

नळी हलवूनही बूस्ट कमी दिसलं, तर काटा कधी मागे पडतो ते बघा. आधी ८ वर जाऊन इंजिनाचे फेरे वाढताना घसरत असेल तर बेल्ट सुटतोय. पुलीभोवती काळी भुकटी आणि टेन्शनरची सैल स्प्रिंग तपासा. सगळ्या वेगात सारखंच कमी असेल तर बायपास झडप पुरती मिटत नाही, किंवा कुठेतरी गळती आहे. एअर फिल्टर तुंबला असला तरी बूस्ट उतरतं. डेन्व्हरसारख्या दीड हजार मीटरवरच्या गावात गेलात तर काहीही न बिघडता एक-दीड पीएसआय कमी दिसेल, कारण तिथली हवाच विरळ. आणखी एक गैरसमज : बूस्ट कमी म्हणजे ताकद कमीच, असं नाही. बूस्ट म्हणजे इंजिनाला पचवता न आल्यामुळे दाटलेली हवा. एक्झॉस्ट मोकळा करून घेतला की इंजिन जास्त हवा घेतं, गेजवरचा आकडा उतरतो आणि गाडी उलट जोरात पळते.

खरी काळजी ऑइलच्या काट्याची आहे, आणि तो पडला यापेक्षा तो आजवर हललाच नाही, याची. खरं ऑइल प्रेशर एका जागी राहत नाही. थंड ऑइल घट्ट, त्यामुळे सकाळी दाब चढा. तापलं की पातळ होतं, दाब उतरतो. फेरे वाढले की पंप जास्त ढकलतो आणि दाब पुन्हा चढतो. तुमच्या काट्याला यातलं काहीच कळत नव्हतं, कारण त्या काळातल्या फोर्डमध्ये त्याच्यामागे मोजणारा सेन्सर नाही, नुसता स्विच आहे. दाब सुमारे ६ पीएसआयच्या वर गेला की स्विच जोडला जातो आणि एक रेझिस्टर काट्याला मध्यावर धरून ठेवतो. दाब १० असो की ६०, काटा तिथेच. काट्याचा वेष घातलेला दिवाच तो. हलता काटा बघून घाबरलेली गिऱ्हाइकं वर्कशॉपला धावत होती म्हणून ही युक्ती केली, असं म्हणतात. खरंखोटं कंपनी जाणे.

तेव्हा सिग्नलला काटा पडला, याचे दोनच अर्थ. एक, स्विच खराब झालाय किंवा त्याच्या प्लगमध्ये ऑइल झिरपलंय. हे वारंवार होतं आणि स्वस्तात निभतं. दोन, दाब खरोखरच ६ च्या खाली गेला. तापलेलं इंजिन आणि आयडल ही दाब सगळ्यात कमी असण्याची वेळ, आणि काटा नेमका तेव्हाच पडला. म्हणून दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका.

आधी डिपस्टिक पुसून पातळी बघा. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का तेही. मग ऑइल फिल्टरशेजारचा तो स्विच काढून त्याच भोकात वर्कशॉपचं मेकॅनिकल गेज बसवायला सांगा. इंजिन पूर्ण तापू द्या, आयडलला वाचा, मग २००० फेऱ्यांना वाचा. दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय, हा गॅरेजमधला जुना ठोकताळा पुरेसा आहे. तेवढं मिळालं तर नवा स्विच टाका. हौस असेल तर रेझिस्टर काढून खरा सेंडर बसवणारेही आहेत. नाही मिळालं तर पंप, तुंबलेली जाळी आणि झिजलेली बेअरिंग यांची तपासणी ओघाने आली. फक्त हे मेकॅनिकल गेज कायमचं केबिनमध्ये आणू नका. प्लास्टिकची नळी फुटली तर उकळतं ऑइल थेट पायावर.

बूस्टची नळी पुढच्या महिन्यात हलवलीत तरी चालेल. पण ऑइलची मोजणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका, आणि काटा पडताना इंजिनातून टकटक ऐकू आली असेल तर ती टोइंगवाल्याकडूनच वर्कशॉपला न्या.