काट्याविना वासराचे वजन

अमेरिकेत गाईंचा कळप उभारण्याआधी काही नवखे शेतकरी अनुभवासाठी वसंतात दूध सुटलेली वासरे घेतात, उन्हाळाभर कुरणात चारतात आणि शरदात विकतात. कमाई मुख्यतः वाढलेल्या वजनावर. पण वजनकाटा नसेल तर? मोजफीत घ्या! पुढच्या पायांमागे छातीचा घेर १५० सेंमी आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १२० सेंमी भरली, असे समजा. धड वृत्तचिती मानल्यास घनफळ = घेर² × लांबी ÷ ४π, म्हणजे सुमारे २,१५,००० घन सेंमी. शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकी. म्हणून धड २१५ किलोचे. डोके, पाय राहिलेच! पशुपालकांचे सूत्र तीही भर धरते: घेर² × लांबी ÷ १०,८४० = २४९ किलो. मात्र घेर मोजताना ५ टक्के चूक झाली, तर वजन सुमारे १० टक्क्यांनी चुकते. असे का, ते तुम्हीच सांगा.