भाचेबुवा, काडतूस भरताना

प्रेस आणलास, डाय आणलेस, तराजूही आला म्हणे. पेनसिल्व्हेनियात रायफलीने हरणाच्या शिकारीचा हंगाम २०१९पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, तेव्हा हातात बरेच महिने आहेत. घाई करू नकोस. घरी भरलं की स्वस्त पडतं हे सगळे सांगतील. मला मोलाचं वाटतं ते वेगळं. आपल्या रायफलीला मानवणारं काडतूस एकदा शोधायचं आणि मग दर वेळी अगदी तसंच भरायचं. नेमाचा सगळा अचूकपणा त्या सारखेपणात आहे. तुझी .३०८ विंचेस्टर आहे, म्हणून आकडे तिचेच सांगतो.

१. आधी रायफल तपास, मग काडतुसाला दोष दे — स्कोपच्या रिंगांचा किंवा स्टॉकचा एक स्क्रू ढिला असला, तरी उत्तम काडतुसाचाही ग्रुप फाकतो.

२. चांगल्या फॅक्टरीच्या काडतुसांची एक पेटी मारून पाहा आणि तो लक्ष्यकागद तारीख घालून ठेव — सुधारणा झाली की नाही, हे आधीचा कागद समोर असला तरच कळतं.

३. शिकारी रायफलीची नळी बारीक असते. तीन गोळ्या झाल्या की तिला निवू दे. थंड नळीतली पहिली गोळी कुठे बसते ते दर वेळी वेगळं टिपून ठेव — हरणावर सुटते ती तीच.

४. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा, आणि काम संपलं की उरलेली पावडर लगेच त्याच डब्यात — निरनिराळ्या पावडरी दिसायला सारख्या असतात, जळायला नाहीत. खूण नसलेली पावडर वापरायचीच नाही, कितीही महागाची असो.

५. पावडर मोजताना फोन दुसऱ्या खोलीत. तोंड गप्पांत, तर माप खड्ड्यात! गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या प्रत्येक ब्रासमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, टॉर्च मारून बघ — कमी पडलेली पावडर शेजारणीच्या पातळीशी ताडली की लगेच दिसते.

६. डोळ्यांवर चष्मा, आणि काम झाल्यावर जेवायला बसण्याआधी साबणाने हात धू — प्रायमरच्या धुरात शिसं असतं, आणि तू चिवड्याची वाटी शेजारी घेऊन बसतोस हे मला ठाऊक आहे. ती वाटी स्वयंपाकघरात.

आता जिथे जिवाची गोष्ट आहे तिथे जरा थांबू.

७. पावडरीचं माप छापील मॅन्युअलमधूनच घे, आणि तुझ्याकडे आहे त्याच गोळीचं. सुरुवात खालच्या आकड्यापासून — तिथे दिलेली कमाल मर्यादा त्यांच्या नळीत, त्यांच्या ब्रासमध्ये, त्यांच्या प्रायमरने निघालेली असते. तुझ्या रायफलीत ती आधीच गाठली जाऊ शकते.

८. रेंजवरचा मित्र कितीही सज्जन असो, त्याचं माप उतरवून घेऊ नकोस. दुसऱ्याचा आकडा, आपल्या घरी वाकडा — त्याचं चेंबर वेगळं, तुझं वेगळं.

९. बोल्ट उघडायला जड गेला, प्रायमर चपटा झाला किंवा ब्रासच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, की तिथेच थांब; त्या मापाची उरलेली काडतुसं घरी नेऊन उकल — .३०८ला दाबाची मान्य मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, आणि या खुणा बऱ्याचदा ती ओलांडल्यावरच दिसतात. खूण दिसली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मानू नकोस.

१०. दर बैठकीला तराजू प्रमाण वजनाने तपास, आणि तो पंख्याच्या, एसीच्या वाऱ्यापासून दूर ठेव — एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा जेमतेम पंधरावा हिस्सा. वाऱ्याची झुळूकही आकडा हलवते.

११. ब्रास एकाच कंपनीची, एकाच खेपेची, एकत्र ठेव. लष्करी ७.६२ची ब्रास मिळाली तर तिचा डबा वेगळा — तिची भिंत बहुधा जाड असते, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरीला दाब वाढतो.

१२. ब्रास किती वेळा वापरली ते डब्यावर लिही, आणि टोक वाकवलेली तार आत घालून बुडाजवळची भिंत चाचप — खाच लागली तर ती ब्रास तिथे फाटायच्या बेतात आहे.

१३. ब्रासची लांबी साइजिंगनंतर, म्हणजे डायमध्ये दाबून ती पुन्हा मापात आणल्यावर मोज, आधी नाही — साइज करताना ब्रास लांबते. कमाल २.०१५ इंच; कापायची ती २.००५वर.

१४. वंगण डोशाच्या तव्यावर तेल पुसतात तेवढंच — जास्त झालं की ब्रासच्या खांद्याला पोचे पडतात. साइजिंग झालं की पुसून काढ.

१५. साइज करताना खांदा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाइतकाच मागे सरकव. जास्त सरकवलास तर ब्रास दर वेळी ताणून लवकर फाटेल. अजिबात नाही सरकवलास तर थंडीत, ऐन वेळी, बोल्ट मिटणार नाही. शिकारीला मी दोन हजारांश धरतो.

१६. कापलेल्या तोंडाची आतली कड हलकीच मोड — नाहीतर ती गोळीचं तांबं खरवडते आणि गोळी तिरकी बसते.

१७. काडतुसाची लांबी गोळीच्या टोकापासून मोजू नकोस, कंपॅरेटरने तिच्या फुगाऱ्यापासून मोज — मऊ शिशाची टोकं एकसारखी नसतात.

१८. गोळी नळीच्या आट्यांना टेकेल इतकी बाहेर ठेवू नकोस. दाब वाढतो हे एक. दुसरं म्हणजे संध्याकाळी रायफल रिकामी करताना गोळी नळीत अडकून राहते, ब्रास तेवढी बाहेर येते आणि पावडर सगळ्या ॲक्शनमध्ये सांडते. मॅगझिनमध्ये मावणाऱ्या, मॅन्युअलच्या लांबीपासून सुरू कर.

प्रयोग कसे करायचे, यावर मात्र मी अडून बसणार.

१९. एका वेळी एक बदल, दोन केले की उडाली अक्कल! आधी पावडर ठरव, मग गोळीची खोली — दोन्ही एकदम बदललंस तर ग्रुप कशाने जुळला ते कधीच कळणार नाही.

२०. तीन गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर भाळू नकोस. तीन गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात; आज अर्ध्या इंचाने हरलेलं माप पुढच्या रविवारी जिंकतं. क्राइटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शिडीची चाचणी करतात ना, पावडर पायरी-पायरीने वाढवत एकेक गोळी मारायची, ती दिशा शोधायला ठीक आहे. पण निवडलेलं माप वेगळ्या दिवशी, पुन्हा, निदान दहा गोळ्यांनी पारखल्याशिवाय त्याला आपलं म्हणू नकोस.

२१. क्रोनोग्राफवर सर्वांत मोठा वेग शोधू नकोस, वेगांतला फरक बघ — थोडा कमी वेग हरणाला कळत नाही, फरक मात्र लांबच्या नेमाला वर-खाली हलवतो.

२२. जुलैत ठरवलेलं काडतूस नोव्हेंबरच्या गारठ्यात पुन्हा मारून बघ — थंडीत बऱ्याच पावडरींचा वेग उतरतो. आणि उन्हाळ्यात काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस. तापल्यावर दाब चढतो.

२३. मांस घरात खायचं, तर निव्वळ तांब्याची गोळी घ्यावी असं माझं मत आहे — शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात. पण शिशाच्या गोळीचं माप तिला लावू नकोस. त्याच वजनाला ती लांब असते, ब्रासमधली जागा खाते.

२४. हंगामाची सगळी काडतुसं रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, मॅगझिनमधून एकदा आत-बाहेर कर, आणि पेटीवर पावडर, माप, गोळी, प्रायमर, तारीख लिही — लेबल नाही त्याला भरवसा नाही.

२५. शंभर यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप आला की शोध थांबव. हरणाची मर्मजागा साधारण आठ इंचांची असते, आणि पेनसिल्व्हेनियातल्या दाट झाडीत नेम बहुधा शंभर यार्डांच्या आतच मिळतो. उरलेली काडतुसं बेंच सोडून मार: गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, जाड जाकीट घालून — बेंचवरचा ग्रुप रायफलीचा असतो, तुझा नव्हे.

साताऱ्याला सुट्टीला निघण्याआधी त्याच जाकिटाचे खिसे तेवढे उलटे करून पाहा. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणंही गुन्हा आहे. विमानतळावर खिशातून एखादी रिकामी ब्रास निघाली तरी आजोबांना तुला सोडवायला धावावं लागेल.

आणि ब्रास कापायचा ट्रिमर विकत घेऊ नकोस. माझ्याकडे दोन आहेत, दिवाळीला येशील तेव्हा एक घेऊन जा.