लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचे विभाग कसे पाडावेत

एखाद्या शाळेत एकच लॅपटॉप आहे, असे समजू. विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या, प्रयोगांची टिपणे, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे हे सर्व त्यातच साठविलेले आहे. एके दिवशी तो सुरू होईनासा होतो. दुरुस्ती करणारा सांगतो की यंत्र धडधाकट आहे. बिघडली आहे ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार चालविणारी प्रणाली, आणि ती पुन्हा बसवावी लागेल. मग त्या याद्यांचे काय होणार? ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी डिस्कची वाटणी आरंभी कशी केली होती, ह्यावर अवलंबून असते.

विभाग म्हणजे काय?

मोठ्या शेताचे तुकडे पाडले म्हणजे प्रत्येक तुकड्याची हद्द तलाठ्याच्या दप्तरात नोंदली जाते. डिस्कचेही तसेच आहे. डिस्कवरील जागा लहान लहान, क्रमांक दिलेल्या खंडांची बनलेली असते. अमक्या खंडापासून तमक्या खंडापर्यंत एक विभाग, अशी नोंद एका तक्त्यात ठेवलेली असते. फरक इतकाच की शेतात बांध डोळ्यांना दिसतो. डिस्कवर बांध मुळीच नसतो, असते ती केवळ नोंद.

१९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि तरीही त्यात सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. एवढ्या जागेची वाटणी करण्याचे कारण नव्हते. १९८३ मध्ये त्याच कंपनीच्या वैयक्तिक संगणकात हार्ड डिस्क आली, तेव्हा एकाच डिस्कवर निरनिराळ्या प्रणाली नांदाव्यात म्हणून विभागांचा तक्ता प्रचारात आला. हा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या खंडात असे. त्यात चारच मुख्य विभागांना जागा होती; शिवाय खंडांचे क्रमांक लिहावयास ३२ द्विमान अंकच असल्यामुळे सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपलीकडची जागा त्याला मोजता येत नसे. आजच्या लॅपटॉपांत बहुधा जीपीटी नावाचा नवा तक्ता असतो. त्यात सामान्यतः १२८ विभागांची सोय असते आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. केवळ नोंदीवर सर्व भिस्त असल्यामुळे ही दुसरी प्रत किती मोलाची आहे, हे सहज ध्यानात येईल.

वाटणीचे लाभ आणि तोटे

प्रणाली एका विभागात व स्वतःची कागदपत्रे दुसऱ्या विभागात ठेवली, तर प्रणाली पुन्हा बसविताना पहिलाच विभाग पुसावा लागतो. दुसरा सुरक्षित राहतो. दोन प्रणाली वापरावयाच्या असतील, उदाहरणार्थ विंडोज आणि लिनक्स (किंवा सी-डॅक ह्या भारतीय संस्थेने लिनक्सवर आधारून तयार केलेली बॉस प्रणाली), तर विभाग पाडणे बहुधा अटळच असते.

परंतु विभाग जितके अधिक तितके चांगले, असे मात्र नाही. समजा, तीन विभागांत अनुक्रमे ६, ५ व ७ जीबी जागा शिल्लक आहे. एकूण शिल्लक १८ जीबी झाली, तरी १० जीबीची एक फाइल ह्यांपैकी कोठेही मावणार नाही. घरात धान्याच्या अनेक लहान कणग्या असाव्यात आणि पोते एकीतही रिकामे करता येऊ नये, तशी ही स्थिती होय. म्हणून ज्या विभागाला निश्चित कारण आहे तेवढाच पाडावा.

एक उदाहरण

५०० जीबीचा व ८ जीबी स्मृतीचा एक लॅपटॉप घेऊ. निर्माता १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे धरतो. विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइटांना १ जीबी म्हणते. त्यामुळे ५०० ऐवजी सुमारे ४६५ जीबीच दिसतात. ह्यात जागा चोरीस गेलेली नसून मापे दोन आहेत. दोन्ही प्रणाली हव्या असल्यास पुढील क्रम योग्य ठरेल :

१. प्रारंभाचा विभाग : अर्धा जीबी.
२. विंडोज : १२० जीबी, आणि तिच्या दुरुस्तीचा विभाग १ जीबी.
३. लिनक्स : ५० जीबी.
४. स्मृतीला पूरक जागा : १० जीबी. संगणकाला सर्व स्मृती डिस्कवर उतरवून निद्रिस्त करावयाचे असेल, तर ही जागा स्मृतीहून थोडी अधिक असावी.
५. कागदपत्रे : २०० जीबी, दोन्ही प्रणालींना वाचता येईल अशा एनटीएफएस पद्धतीने मांडलेली. जुनी फॅट३२ पद्धत येथे अपुरी पडते, कारण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही.
६. मोकळी जागा : उरलेले सुमारे ८४ जीबी.

मोकळी जागा शेवटी का, हे समजून घेतले पाहिजे. विभाग त्याच्या शेवटाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत सहज वाढविता येतो. आरंभाच्या बाजूने वाढवावयाचा झाल्यास आतील सर्व मजकूर उचलून सरकवावा लागतो, आणि त्या कामात वेळ व धोका दोन्ही अधिक. प्रणालीला लागणाऱ्या जागेचा अंदाज पुष्कळसा करता येतो. कागदपत्रे किती वाढतील हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. म्हणून राखीव जागा कागदपत्रांच्या शेजारी ठेवावी.

फिरत्या चकतीच्या डिस्कवर बाहेरच्या कडेचा मजकूर अधिक वेगाने वाचला जातो, म्हणून तेथे विभागाचे स्थान महत्त्वाचे असे. फिरते भाग नसलेल्या एसएसडीत ह्या विचाराला अर्थ उरलेला नाही.

काम हाती घेण्यापूर्वी

सर्व कागदपत्रांची प्रत प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत उघडून पाहावी. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये. विंडोजचा विभाग सांकेतिक कुलपाने बंद असल्यास त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. विंडोजचा विभाग विंडोजच्याच साधनाने लहान करावा. विंडोजमधील जलद प्रारंभाची सोय बंद करावी. कारण ती चालू असता विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि त्या अवस्थेत लिनक्सने सामाईक विभागात लेखन केल्यास मजकुराची हानी होऊ शकते. काम चालू असताना वीज खंडित होणार नाही, ह्याची तजवीज करावी.

चुकून एखादा विभाग काढून टाकला गेला तर घाबरून पुढचे काही करू नये. पुष्कळदा नाहीशी होते ती नोंद. मजकूर जागेवरच असतो. त्यावर नवे लेखन होण्यापूर्वी थांबले, तर चकतीच्या डिस्कवरून तो परत मिळण्याचा संभव बराच असतो. एसएसडीत रिकामी ठरलेली जागा आपोआप पुसली जाण्याची शक्यता असल्यामुळे हा संभव कमी.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. सर्व विभाग एकाच डिस्कवर असतात. डिस्कच निकामी झाली किंवा लॅपटॉप चोरीस गेला, तर ते सर्व एकदमच जातात. आरंभी सांगितलेल्या शाळेच्या याद्या प्रणालीच्या बिघाडापासून वेगळ्या विभागामुळे वाचतील. डिस्कच्या मृत्यूपासून त्यांना वाचवील ती कपाटात ठेवलेली दुसरी प्रतच.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १००० जीबी म्हणून विकलेली डिस्क विंडोजमध्ये किती जीबीची दिसेल?
२. वरील उदाहरणात लिनक्स नको असल्यास वाटणी कशी बदलाल? कारणे द्या.
३. विभाग पाडणे आणि प्रत ठेवणे ह्यांतील फरक स्पष्ट करा.