भुलीची सुई

मागल्या साली आमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "गुरुजी, जाड चष्मा कधीपासून?"

आम्ही म्हणालो, "शाळेत असल्यापासून. पण बाई, मोतीबिंदू काढायला जुना चष्मा कशाला हवा?"

त्यांनी समजावून सांगितले, ते असे.

मोतीबिंदू काढताना माणूस जागा असतो. फक्त डोळा बधिर करतात. १८८४ साली व्हिएन्ना शहरात कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. त्याआधी पुष्कळांना जागेपणी कळ सोसावी लागे. आता कोकेन वापरत नाहीत. दुसरी औषधे आहेत. कुणाला नुसते थेंब पुरतात, कुणाला डोळ्याच्या बाजूने सुई देतात.

ही सुई डोळ्यात टोचत नाहीत. डोळा आणि खोबणीचे हाड यांच्या मधल्या जागेत औषध सोडतात. जागा अरुंद आहे. डोळ्याचा गोळा मागेपुढे सुमारे २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच असतो. ज्यांना लहानपणापासून लांबचे दिसत नाही, त्यांचा गोळा जास्त लांब असतो. त्याची भिंतही पातळ असते. अशा डोळ्याला सुई लागून भोक पडू शकते. मग आत रक्त येते, मागचा पडदा सुटतो, नजरही जाते. असे क्वचित घडते. पण ज्याचे घडले त्याला क्वचित म्हणून काय उपयोग?

कधी सुईने शीर फाटते. डोळ्यामागे रक्त साठते, डोळा पुढे येतो, दगडासारखा कठीण होतो. तेव्हा लगेच उपाय करावा लागतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. आपल्या मनाने ती बंद करू नये.

आम्हाला खोकला होता. तारीख पुढे जाईल म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. आमच्या सौभाग्यवतींनी सांगून टाकले! सुई आत असताना ठसका लागला, डोके हलले, तर काय होईल? बाईंनी तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली. आम्ही तेव्हा रागावलो होतो, हे कबूल करतो.

आम्हाला टोकदार सुई दिलीच नाही. पांढऱ्या भागावरच्या पापुद्र्याला बारीक छेद घेऊन बोथट नळीने औषध सोडले. नंतर पट्टी बांधली. बधिर डोळ्याला कचरा कळत नाही, ओरखडा कळत नाही. म्हणून पट्टी काढू नका, डोळा चोळू नका. घरी आल्यावर डोळा फार ठणकला, पुढे आला किंवा नजर अंधारली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच इस्पितळ गाठा.