संकेतस्थळाची दुसरी किल्ली

शेतीस जोडून खत-बियाण्यांचें दुकान चालविणारे कित्येक सभासद आतां संकेतस्थळावरूनहि मागणी व पैसे घेतात. त्यांनीं ही नवी चोरी कशी होते तें समजून घ्यावें.

सन २०१८ मध्यें ऑगस्टच्या ११ व १३ तारखांस पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून सुमारें ९४ कोटी रुपये गेले. भिंत फुटली नाहीं, कुलूप तुटलें नाहीं. एटीएम यंत्र रोकड देण्यापूर्वीं बँकेच्या संगणकास ‘द्यावी काय?’ असें विचारतें. चोरांनीं वाटेंतच आपला तोतया बसविला. प्रश्न बँकेपर्यंत पोहोंचेना व होकार चोरच देत राहिले. २८ देशांतील यंत्रांतून रोकड निघाली.

गिऱ्हाईक भ्रमणध्वनीवर पैसे भरल्याची पावती दाखवितें, तीहि असाच तोतया होकार असूं शकते. रक्कम आपल्या खात्यांत पाहावी, मगच गोणी हलवावी.

महसुलांत कारकुनी करीत असतां उपकोषागारास दोन कुलपें व किल्ल्या दोन अंमलदारांजवळ, ही रीत आम्हीं पाहिली. संकेतस्थळाच्या परवलीच्या शब्दासहि ओटीपीची दुसरी किल्ली जोडावी, आणि ती बँकेचा साहेब म्हणविणारासहि सांगूं नये. हिशेबाची नक्कल रोज घेऊन संगणकापासून अलग ठेवावी. संगणक अडवून खंडणी मागणारापुढें तीच कामास येते.

पैसे गेलेच, तर चावडीवर चर्चा करीत न बसतां १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. रक्कम पुढील खात्यांत सरकण्यापूर्वीं गोठवितां येते.